पिंपरीचं पेनिसिलिन आणि संगणक

गेल्या पावसाळ्यात धाकट्या दिरांची ऑपरेशननंतरची जखम चिघळली. इस्पितळातून आलेला तपासणीचा कागद मी चष्मा लावून वाचला. डावीकडे औषधांची नावं आणि उजवीकडे एकाखाली एक 'आर'. आर म्हणजे रेझिस्टंट, या जंतूवर हे औषध चालत नाही. इतकी वर्षं निकालपत्रकं भरली, पण असा जवळजवळ अख्खा वर्ग नापास पाहिला नव्हता. उरलेल्या एका औषधावर भाऊजी वाचले.

तेव्हापासून मनात पिंपरी घोळते आहे. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने तिथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि पेनिसिलिन देशात बनू लागलं. आमच्या लहानपणी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलंय म्हटलं की घर निर्धास्त व्हायचं.

पेनिसिलिन बुरशीतून मिळालं, स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली मातीतल्या सूक्ष्मजीवापासून. पुढे मातीतून तीच तीच औषधं पुन्हा सापडू लागली. जंतू मात्र शिकत राहिले. २०१० साली माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी एक नोंद छापली. कार्बापेनेम या राखीव औषधांना न जुमानणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ जंतूंत एनडीएम-१ होतं. हे विकर औषधाचा रेणूच तोडून टाकतं.

म्हणून आता शोधाला संगणक जुंपला आहे. २०२३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या संशोधकांनी, इस्पितळांत मुक्काम ठोकणाऱ्या असिनेटोबॅक्टर बाउमानी या जंतूवर आधी सुमारे ७,५०० रसायनं प्रयोगशाळेत तपासली. कुठल्याने जंतू रोखला, कुठल्याने नाही, हे संगणकाला शिकवलं. मग त्याने नव्या ६,६८० रसायनांची चाळणी दीड तासात केली. त्यातली २४० प्रत्यक्ष तपासल्यावर अबाउसिन हाती लागलं. उंदरांच्या जखमेवर ते चाललं. माणसांचं औषध होण्याआधी अजून बऱ्याच परीक्षा आहेत.

मंडळी, संगणकाला शिकवायला आधी हाताने केलेले हजारो प्रयोग लागले. जंतूंना शिकवायला मात्र आपण फुकट बसलो आहोत. साध्या सर्दीला चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक आणायचं, उरलेली पट्टी शेजारणीला द्यायची. मीही दिली आहे, 'मला लगेच गुण आला' असं सांगून.

भाऊजींचा तो कागद मी आमच्या औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला आहे. डबा उघडला की आधी तो दिसतो.