दंड झाला, भरपाईचे काय?

वर्गात एका मुलाने दुसऱ्याची पाटी फोडली, तर शिक्षकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. फोडणाऱ्याला शिक्षा कोणती करावी, हा पहिला. आणि ज्याची पाटी फुटली त्याला नवी पाटी कोणी द्यावी, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर शाळेच्या नियमांत सापडते. दुसऱ्याचे उत्तर बहुधा कोठेच लिहिलेले नसते, आणि निरपराध मुलगा घरी जाऊन बोलणी मात्र खातो. गुंतवणूकदारांच्या संरक्षणाचा इतिहास हा याच दोन प्रश्नांचा इतिहास आहे.

त्याचा आरंभ आपण इंग्लंडमधील प्लिमथ शहरापासून करू. तेथील एका ट्राम कंपनीला १८८२ साली पार्लमेंटच्या खास कायद्याने परवाना मिळाला. गाड्या घोड्यांनी ओढाव्यात. वाफेची शक्ती वापरायची तर ‘बोर्ड ऑफ ट्रेड’ या सरकारी खात्याची संमती घ्यावी, अशी त्यात अट होती. परंतु १८८३ च्या फेब्रुवारीत संचालकांनी भागविक्रीसाठी जे विवरणपत्र काढले, त्यात कंपनीला वाफेचा हक्क मिळालाच आहे असे सांगितले. संमतीच्या अटीचा उल्लेखही केला नाही. त्यावर विसंबून सर हेन्री पीक यांनी भाग विकत घेतले. पुढे काही थोड्या भागापुरती सोडून ती संमती नाकारण्यात आली, आणि कंपनी बुडाली.

पीक यांनी संचालकांवर फसवणुकीचा दावा लावला. खालच्या न्यायालयात ते हरले, अपिलात जिंकले. परंतु १ जुलै १८८९ रोजी लॉर्ड्‌स सभेने अंतिम निकाल त्यांच्या विरुद्ध दिला. विधान खोटे आहे हे ठाऊक असून केले असेल, त्याच्या खरेपणावर विश्वास नसताना केले असेल, किंवा ते खरे की खोटे याची पर्वाच न करता केले असेल, तरच ती फसवणूक होय, असा लॉर्ड हर्शेल यांच्या निर्णयाचा आशय होता. संमती मिळणारच, असे संचालकांना मनापासून वाटत होते. ते निष्काळजी ठरले तरी ठक ठरले नाहीत. साहजिकच पीक यांच्या हाती काही आले नाही.

हा निकाल लोकांना इतका खुपला की पुढच्याच वर्षी, १८९० मध्ये, पार्लमेंटने संचालकांच्या जबाबदारीचा स्वतंत्र कायदा केला. विवरणपत्रात असत्य विधान असेल, तर ते खरे मानण्यास आपल्यापाशी सबळ कारण होते हे आता संचालकांनी सिद्ध करावयाचे. न केल्यास भरपाई द्यावयाची. पुराव्याचे ओझे पीडिताच्या खांद्यावरून उतरून संचालकांच्या खांद्यावर गेले. आपल्याकडील १९५६ च्या कंपनी कायद्याच्या ६२ व्या कलमात आणि २०१३ च्या कायद्याच्या ३५ व्या कलमात याच तत्त्वाचा वारसा दिसतो.

मात्र हा उपाय छापील विवरणपत्रापुरता होता. मेजापलीकडे बसून गोड शब्दांत सल्ला देणाऱ्या पेढीचे काय? या प्रश्नाला जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ६ जुलै १९९३ रोजी उत्तर दिले. एका दांपत्याने आपल्या बँकेच्या सल्ल्याने ऑस्ट्रेलियातील बाँड उद्योगसमूहाचे कर्जरोखे घेतले होते. त्या समूहाची पत घसरल्याचे वृत्त आधीच प्रसिद्ध झाले होते. बँकेने ते सांगितले नाही. सल्ल्याचा लेखी करार झालेला नव्हता. तरीही न्यायालय म्हणाले की गिऱ्हाइकाने विचारले आणि बँकेने सांगितले, एवढ्यानेच न बोलता करार झाला. तो सल्ला गिऱ्हाइकाच्या परिस्थितीला साजेसा हवा आणि त्या रोख्याच्या गुणदोषांची खरी माहिती देणाराही हवा. तसे न केल्यास भरपाई बँकेने द्यावी.

पुढे युरोपीय संघाने जवळपास हीच शिस्त सर्व सभासद राष्ट्रांना लावली. २००४ साली मंजूर झालेला त्याचा निर्देश १ नोव्हेंबर २००७ पासून लागू झाला. गिऱ्हाइकाचे ज्ञान, अनुभव व ऐपत तपासल्यावाचून सल्ला देऊ नये, असा नियम झाला. परंतु नियम मोडला तर गिऱ्हाइकाशी केलेल्या कराराचे काय व्हावे, हे त्यात लिहिलेच नव्हते. स्पेनमध्ये दोन व्यापारी संस्थांनी बँकांशी व्याजदरांच्या अदलाबदलीचे करार केले होते. आपली तपासणी झालीच नाही, म्हणून करार रद्द करा, अशी त्यांची मागणी होती. माद्रिदच्या न्यायालयाने संघाच्या न्यायालयाला विचारले, आणि ३० मे २०१३ रोजी उत्तर आले: परिणाम काय व्हावा हे प्रत्येक राष्ट्राच्या कायद्याने ठरवावे; मात्र देशी नियमभंगाला जी दाद मिळते तिच्याहून ती कमी नसावी, आणि प्रत्यक्षात अशक्य होईल इतकी अवघडही नसावी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर साऱ्या युरोपला एक. दुसऱ्याचे मात्र ज्याच्या त्याच्या घरी.

आपल्या घरी काय आहे? १९९२ च्या कायद्याने सेबीला अधिकार मिळाले; २०१३ च्या विनियमांनी गुंतवणूक सल्लागारांवर गिऱ्हाइकाला साजेसा सल्ला देण्याचे बंधन आले. पण २००२ च्या दुरुस्तीने दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा करण्याची तरतूद झाली. म्हणजे पाटी फोडल्याचा दंड शाळेच्या पेटीत गेला! गैरमार्गाने मिळवलेला नफा काढून घेऊन, ज्यांचे नुकसान झाले त्यांची ओळख पटल्यास तो त्यांनाच परत द्यावा, अशी वाट २००९ च्या विनियमांनी उघडली खरी; परंतु आपले नुकसान कोणाच्या कोणत्या शब्दामुळे झाले, हे दाखविण्याची वेळ अखेर ज्याच्या त्याच्यावर येतेच.

म्हणून, श्रोतेहो, एक लहानशी सवय आपण लावून घ्यावी. पीक यांचा दावा न्यायालयाच्या दारापर्यंत पोहोचला तो छापील कागदाच्या बळावर. कोणी पैसे गुंतवावयास सांगितले, तर ‘हे मला लिहून द्या’ एवढेच नम्रपणे म्हणावे, आणि तो कागद तारीख घालून जपून ठेवावा. जो लिहून देण्यास कचरतो, त्याच्या हाती आपली पाटी न दिलेलीच बरी.