हाड किती म्हणजे पुरेसे?

‘हाड कमी आहे, इम्प्लांट बसणार नाही’ असे ऐकून दवाखान्यातून परतणाऱ्याची समजूत अशी होते, की हा उपचार मुळात भक्कम जबड्याच्या माणसांसाठी निघाला आणि आपण त्यातले अपवाद. इतिहास वेगळे सांगतो. १९६५ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गला पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. ज्यांना ते बसवले, त्या गोस्टा लार्सन यांना जबड्याचे जन्मजात व्यंग होते आणि खाली एकही दात नव्हता. लार्सन २००६मध्ये वारले, तोवर ते स्क्रू चाळीस वर्षे काम देत होते. पुढे १९८१ साली गोथेनबर्गच्या गटाने पंधरा वर्षांचा हिशोब मांडला. त्यात ३७१ रुग्ण, ४१० जबडे आणि २,७६८ स्क्रू होते आणि ते सगळे जबडे बिनदातांचे होते. म्हणजे ज्यांचे हाड झिजलेले असते, त्यांच्यासाठीच ही विद्या घडली. मग तीच माणसे पुढे ‘अपात्र’ कशी ठरू लागली? माझे म्हणणे असे, की त्यांच्या हाडात फारसा बदल झाला नाही. हाडाकडून होणारी मागणी वाढली.

हाड झिजते हे मात्र खरे, आणि ते नाकारून हा युक्तिवाद करता येणार नाही. दाताभोवतीचे हाड दाताच्या आधाराने जगते. दात काढला की ते आटू लागते, आणि पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने. १९७१मध्ये ॲटवुड यांनी या झिजेला तोंडाचा एक मोठा आजारच म्हटले. पुढच्या वर्षी आंत्ये तालग्रेन यांनी पूर्ण कवळी वापरणाऱ्यांच्या पंचवीस वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या: झीज वर्षानुवर्षे चालूच राहते आणि समोरच्या भागात खालचा जबडा वरच्याच्या सुमारे चौपट झिजतो. खालची कवळी जिभेवर तरंगते, घास चावताना उचलली जाते, याचे कारण त्या आकड्यात आहे. जास्त झीज झाली की हनुवटीकडे जाणारी नस जवळजवळ पृष्ठभागावर येते आणि कवळीचा दाब थेट तिच्यावर पडतो.

अशा जबड्यांसाठी धातूचा आधार द्यायचा प्रयत्न ब्रोनेमार्क यांच्याआधीही झाला होता. स्वीडनचेच गुस्ताव डाल यांनी १९४०च्या दशकात हाडाच्या आत न शिरता, हिरडी उघडून हाडावर धातूची जाळी बसवण्याचा मार्ग काढला. १९४९च्या सुमारास अमेरिकेत गोल्डबर्ग आणि गेर्शकॉफ यांनी तो नेला. हाडाचा साचा घेण्यासाठी एक शस्त्रक्रिया, जाळी बसवायला दुसरी. कल्पना हुशारीची होती. पण अशा जाळीभोवती संसर्ग होई आणि तिच्याखालचे हाड आणखी खचे. ब्रोनेमार्क दंतवैद्य नव्हतेच. १९५०च्या दशकात सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह बघताना बसवलेली टायटॅनियमची कुपी ते काढायला गेले, तर ती निघेना. हाड तिला चिकटून वाढले होते. हाडाला घाई चालत नाही, हा धडा त्यांनी तिथून घेतला असावा. खालच्या जबड्यात तीन-चार महिने, वरच्यात पाच-सहा महिने स्क्रूवर काहीच भार द्यायचा नाही, असा नियम त्यांनी घालून दिला. आणखी महत्त्वाचे म्हणजे स्क्रू कुठे घालायचे हे हाडच ठरवी. खालच्या जबड्यात दोन नसांच्या मधला, हनुवटीजवळचा भाग सहसा शेवटपर्यंत टिकून राहतो. तिथे पाच-सहा स्क्रू आणि त्यांवर मागे थोडी लोंबती ठेवलेली दातांची पट्टी. दिसायला ती ओबडधोबड. पण घास चावता येई.

इथे कोणी म्हणेल, की हनुवटीच्या नशीबवान जागेवरून साऱ्या जबड्याचा निष्कर्ष काढता येत नाही. बरोबर आहे. त्याच १९८१च्या हिशोबात पाच ते नऊ वर्षांनी खालचे ९१ टक्के स्क्रू स्थिर होते, वरचे ८१. वरचे हाड मऊ, आणि दाढांच्या वर सायनसची पोकळी. पण दहातले आठ टिकणे म्हणजे काही अपात्रता नव्हे.

खरा बदल १९८२च्या टोरांटो परिषदेनंतर झाला. इम्प्लांट जगभर पसरले आणि एकेका दाताच्या जागीही बसू लागले. समोरच्या एका दातासाठी स्क्रू अचूक जागी, अचूक कोनात हवा, नाहीतर मुकुट भुताच्या सुळ्यासारखा दिसतो. म्हणून जागा दात ठरवू लागला आणि हाड त्याला पुरवायचे ठरले. कॅलिफोर्नियात बॉइन आणि जेम्स यांनी १९८०मध्येच सायनसचा तळ उचलून त्याखाली हाड भरण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. गोथेनबर्गमध्येच १९८८ साली दालीन आणि सहकाऱ्यांनी पडदा लावून रिकाम्या जागेत हाड वाढू दिले.  या साऱ्या पद्धती उपयोगाच्या आहेत. पण त्या रुळल्यावर जिथे हाड भरायला हवे, तिथे ‘हाड नाही’ असे म्हणण्याची सवयही रुळली.

आहे त्या हाडातच भागवण्याची दुसरी वाट समांतर चालूच होती. ब्रोनेमार्क यांनीच गालाच्या हाडापर्यंत जाणारे तीन ते पाच सेंटिमीटरचे लांब स्क्रू आणले, कारण गाठ काढलेल्या किंवा अपघातात वरचा जबडा गमावलेल्या रुग्णांना भरण्यापुरतेही हाड उरलेले नसे. लिस्बनच्या पाउलो मालो यांनी २००३मध्ये खालच्या जबड्यात चारच स्क्रू घालून, मागचे दोन तिरपे करून नस चुकवली. हाडावर बसणारी डाल यांची जाळीही सीटी स्कॅन आणि त्रिमितीय छपाईच्या बळावर आता टायटॅनियममध्ये परतली आहे. सुटका मात्र यांतल्या कशातच फुकट नाही. गालाच्या हाडातल्या स्क्रूंनी सायनसचा संसर्ग होऊ शकतो, आणि ही कामे अनुभवी हातांतच सुरक्षित.

आता मोठा आक्षेप: माणसाला दिसणेही हवे असते, नुसते चावणे नव्हे, मग वाढलेल्या मागणीला दोष का द्यायचा? दोष देत नाही. पंचविशीतल्या मुलीचा समोरचा दात पडला असेल, तर तिच्यासाठी हाड भरणे योग्यच आहे. तक्रार एवढीच, की तोच मापदंड सत्तरीतल्या, खालची कवळी हातात धरून जेवणाऱ्या माणसाला लावला जातो. २००२ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी असे ठरवले, की बिनदातांच्या खालच्या जबड्यासाठी पहिली निवड दोन स्क्रूंवर बसणारी कवळी असावी. दोन स्क्रूंना लागणारे हाड हनुवटीजवळ बहुतेकांकडे शिल्लक असते. अशा माणसाला ‘हाड नाही’ असे कळले असेल, तर त्याने विचारायचा पुढचा प्रश्न हा: हाड नाही, ते किती दातांसाठी आणि कोणत्या जागी?