दिनविशेष : ६ फेब्रुवारी
२००८ : गुड फ्रायडेला जुन्या लॅटिन पद्धतीच्या उपासनेत ज्यूंसाठी म्हटली जाणारी प्रार्थना पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी बदलली. नवा मजकूर या दिवशी व्हॅटिकनच्या ‘लोसर्व्हातोरे रोमानो’ दैनिकात छापून आला. ज्यूंच्या ‘आंधळेपणा’चे आणि ‘अंधारा’चे जुने उल्लेख गेले. त्यांची मने उजळोत आणि त्यांनी येशूला तारणहार मानावे, ही विनवणी मात्र आली. ज्यूंना बोचत होते ते हेच. इटलीच्या रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) चर्चशी चाललेला संवाद थांबवला. जानेवारी २००९ मध्ये चर्चसोबत पाळायच्या संयुक्त दिवसातूनही ते बाहेर राहिले. बहुतेक कॅथलिक चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या १९७० च्या प्रार्थनेत अशी मागणीच नाही. मग एकाच शुक्रवारी दोन प्रार्थना कशाला? इंग्लंड-वेल्सच्या बिशपांनी २०१५ मध्ये नव्या मजकुराचा फेरविचार मागितला. २००८ चा मजकूर अद्याप कायम आहे.