गीत निवडण्याचा अधिकार

२० सप्टेंबर १७२८ रोजी जर्मनीतील लाइपझिग शहराच्या नगरसभेला एक तक्रारअर्ज लिहिला गेला. अर्जदार होता योहान सेबास्टियन बाख. आज सारे जग ज्याला पाश्चात्य संगीतातला महापुरुष मानते तोच हा बाख. पण लाइपझिगच्या दप्तरी तो नगरसभेचा पगारी नोकर होता. हुद्दा कँटर, म्हणजे संत थॉमस शाळेतील मुलांना गाणे शिकवायचे आणि त्या मुलांकडून शहरातल्या चर्चमध्ये गाऊन घ्यायचे. तक्रार अशी, की संत निकोलस चर्चमधले गाउडलित्स नावाचे एक उपदेशक आपल्या सायंप्रवचनाच्या मागेपुढे कोणती गीते म्हणावीत हे स्वतःच ठरवू लागले आहेत. हा हक्क वहिवाटीने कँटरचा आहे. वरच्या धर्ममंडळाने तर उपदेशक सांगतील ती गीते म्हणावीत असे फर्मावलेही होते.

एवढ्याशा गोष्टीसाठी काय भांडायचे, असे आपणांपैकी काहींना वाटेल. श्रोतेहो, माझी तीस वर्षे कामगारांचे अर्ज लिहिण्यात गेली आहेत. ज्या अर्जात पैशाचा उल्लेख नसतो तो मी दोनदा वाचतो. बाखच्या या अर्जात पैशाचा उल्लेख नाही.

त्याचे म्हणणे नीट समजायचे तर ख्रिस्ती वर्षाची रचना थोडी पाहिली पाहिजे. हे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा जो आगमनकाल, तेथे ते सुरू होते. मग नाताळ, मग ६ जानेवारीचा प्रकटीकरणाचा सण, पुढे ईस्टरपूर्वीचा उपवासकाल, गुड फ्रायडे, ईस्टर, पन्नासाव्या दिवसाचा सण, आणि त्यानंतर त्रैक्याच्या सणामागून येणाऱ्या साध्या रविवारांची लांबलचक रांग. लूथरपंथीयांत या प्रत्येक रविवारी शुभवर्तमानातला कोणता उतारा वाचायचा हे ठरलेले असे. प्रवचन त्या उताऱ्यावर व्हायचे आणि गीतही त्यालाच धरून असायला हवे. आपल्याकडे कार्तिकातला काकडा वैशाखात म्हणत नाहीत, तसेच हे. बाखचे म्हणणे असे, की गीते त्या दिवसाच्या शुभवर्तमानाला आणि त्याप्रमाणेच लावलेल्या ड्रेस्डेनच्या गीतसंग्रहाला धरून निवडायची असतात आणि हे काम आजवर कँटरच करीत आला आहे. शिवाय, नेहमीची गीते सोडून लांबलांब गीते घुसडली तर उपासनेचा सारा क्रम विस्कटतो, असेही त्याने सुनावले. ज्याला रोज काम उरकायचे असते त्याचाच हा मुद्दा आहे.

आता हे काम किती होते ते पाहा. १७२३ च्या मे महिन्यात बाख लाइपझिगला आला. टेलेमान आणि ग्राउपनर यांच्याकडून काम होईना तेव्हा नगरसभेने याला घेतले होते. आल्यापासून पहिली काही वर्षे तो जवळजवळ दर रविवारी त्या दिवसाच्या उताऱ्यावर एक कँटाटा, म्हणजे गायकवृंद, एकेकटे गायक आणि वाद्ये यांची वीसएक मिनिटांची रचना, सादर करीत असे. ती लिहायची, विद्यार्थ्यांकडून आणि घरच्या माणसांकडून तिच्या सुट्या प्रती उतरवून घ्यायच्या, तालीम घ्यायची आणि रविवारी उभे राहायचे. आगमनकालाच्या पहिल्या रविवारनंतर नाताळापर्यंत, आणि पुढे उपवासकालात २५ मार्चचा सण वगळता, वाद्यांसहित होणारे हे मोठे संगीत लाइपझिगमध्ये बंद असे. चातुर्मासात आपल्याकडे लग्नाचे चौघडे थांबतात, त्याची आठवण व्हावी. धर्मशास्त्र या काळाला पश्चात्तापाचा काळ म्हणते. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या आठवड्यांत पुढच्या सणांचे काम उपसायला सवड मिळे. मौनाचा उपवासकाल संपता संपता गुड फ्रायडेला दोन तासांचे दुःखसंगीत उभे करायचे, ते या सवडीवाचून कसे जमले असते?

नाताळात तर कामाचा कळस होई. १७३४ च्या नाताळासाठी बाखने सहा भागांचे एक मोठे काम रचले. त्याचे भाग २५, २६, २७ डिसेंबर, १ जानेवारी, २ जानेवारी आणि ६ जानेवारी असे वाटून दिले होते. त्यांतले चार भाग सकाळी एका चर्चमध्ये आणि दुपारी दुसऱ्यात व्हायचे. म्हणजे तेरा दिवसांत दहा वेळा गायचे! जन्माच्या दिवशी ट्रंपेट आणि नगारे. दुसऱ्या दिवशी मेंढपाळांची कथा, म्हणून नगारे गप्प आणि ओबो पुढे. ओबो हे आपल्या सनईच्या जातीचे वाद्य. दिवसाला वाद्य शोभले पाहिजे, ही जाण येथे उघड दिसते.

पण याच कामात शोभण्याच्या कल्पनेला धक्का देणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिल्या दिवसाचा नगाऱ्यांचा समूहघोष मूळचा येशूच्या जन्मासाठी रचलेलाच नव्हता. वर्षभरापूर्वी, १७३३ च्या डिसेंबरात, तो राणीच्या वाढदिवसासाठी वाजला होता. दुसरी गोष्ट याहून मौजेची. या नाताळसंगीतात लोकांना पहिले जे ओळखीचे गीत ऐकू येते त्याची चाल गुड फ्रायडेच्या शोकगीताचीही आहे. मॅथ्यूच्या शुभवर्तमानावरच्या दुःखसंगीतात हीच चाल पुन्हा पुन्हा येते. आणि ही चाल आली कोठून? १६०१ साली हासलर नावाच्या संगीतकाराने छापलेल्या एका प्रेमगीतातून. चाल मुळात ना नाताळाची ना गुड फ्रायडेची. शब्द, दिवस आणि ऐकणाऱ्यांची सवय यांनी तिला ऋतू दिला. म्हणूनच निवड करणारा माणूस महत्त्वाचा. पुस्तकातल्या यादीवर बोट ठेवून हे काम होत नाही.

आणि निवड केवळ पंचांग पाहूनही होत नाही. गाणारे गळे पाहावे लागतात. २३ ऑगस्ट १७३० रोजी बाखने नगरसभेला एक सविस्तर निवेदन दिले. शाळेतल्या ५४ मुलांची त्याने तीन भागांत वर्गवारी केली: १७ उपयोगाची, २० अजून तयार न झालेली आणि १७ निरुपयोगी. एका वृंदाला निदान १२ गायक, म्हणजे तीन मुख्य चर्चना ३६ लागतात. चौथ्या चर्चला उरलेसुरले पाठवायचे, ज्यांना साधे गीतही धड येत नाही. नगरसभेच्या पगारावर वादक आठ. त्यांतले काही निवृत्तीला आलेले, काहींचा सराव तुटलेला. ड्रेस्डेनला जा आणि पाहा, असे तो लिहितो. तेथे राजा वादकांना पगार देतो, त्यांना पोटाची चिंता नाही, एकेकाने एकच वाद्य सांभाळायचे. कामगाराच्या बाजूने लिहिलेले याहून चांगले निवेदन माझ्या वाचनात क्वचितच आले आहे. मात्र त्या १७ ‘निरुपयोगी’ मुलांच्या बाजूने कोणी लिहिले नाही, हेही येथे सांगून ठेवतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरात एका जुन्या मित्राला लिहिलेल्या पत्रात बाख आपली मिळकत सांगतो. ती सुमारे ७०० थालर. पण तिचा मोठा भाग अंत्यविधीसारख्या वरकड मिळकतीचा. शहराची हवा चांगली पडली की मयते कमी आणि मिळकतही कमी. १७२९ साली त्याला अशा रीतीने शंभराहून अधिक थालरची खोट आली. उक्त्या कामाचा हा प्रकार ऐकून हसू येते, पण त्याच्या घरात तेव्हा लेकरे किती होती हे आठवले की हसू विरते.

१७३९ च्या मार्चमध्ये नगरसभेचा कारकून त्याच्याकडे गेला आणि परवानगी मिळेपर्यंत गुड फ्रायडेचे संगीत करू नये असा निरोप त्याने दिला. बाखने उत्तर दिले, की आपल्याला त्याचे काही नाही; त्यातून आपल्याला मिळत काहीच नाही, तो केवळ एक बोजा आहे. १७२८ मध्ये एकेका गीताच्या निवडीसाठी भांडणारा माणूस अकरा वर्षांनी असे बोलतो, यात नगरसभेच्या कारभाराबद्दल पुष्कळ काही आले.

२८ जुलै १७५० रोजी तो वारला. त्यानंतरच्या बैठकीत एक सभासद म्हणाला, की शाळेला कँटर हवा आहे, दरबारी संगीतप्रमुख नव्हे. त्याची विधवा आन्ना माग्दालेना हिने १७२४–२५ च्या वर्षातल्या, गीतांवर आधारलेल्या कँटाटांच्या सुट्या प्रती शहराच्या हवाली केल्या आणि आणखी काही महिने त्या घरात राहण्याची मुदत मिळवली. १७६० साली ती धर्मादायावर जगत असता वारली. त्या ४४ रचनांच्या प्रती आज लाइपझिगमध्येच जपून ठेवल्या आहेत: ओबोचा कागद वेगळा, मुलांच्या वरच्या आवाजाचा वेगळा, आणि ज्या त्या रचनेचा ठरलेला रविवार.