मॅंडोलिनचं किट आणून वाद्य घरी बनवता येतं का? नेमकं फसतं कुठे?

'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मध्ये (१९९५) मोहरीच्या शेतात शाहरुख जे वाद्य घेऊन उभा असतो ना, ती गिटार नव्हे. ते मॅंडोलिन. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार म्हणून नावारूपाला येण्याआधी हेच वाद्य वाजवायचे. तारा आठ, पण जोड्या चार. सुरांची जुळणी थेट व्हायोलिनची, म्हणजे प्रत्येक जोडी आधीच्या जोडीच्या पंचमावर.

हे वाद्य सुट्या भागांच्या रूपातही मिळतं. अमेरिकेत ओहायोतली स्ट्युअर्ट-मॅकडोनल्डसारखी कंपनी अशी किट्स विकते. खोक्यात साधारणपणे स्प्रूसची वरची फळी (सतारीच्या भाषेत तबली), बाजूच्या वाकवलेल्या पट्ट्या, दांडी, पडद्यांच्या खाचा पाडलेली पट्टी, खुंट्या, घोडी आणि तारा अडकवायची धातूची पट्टी असते. काही किट्समध्ये पेटी आधीच चिकटवून येते. तेव्हा 'किट' म्हटलं की काम किती शिल्लक आहे, हे आधी पाहायचं.

प्रकार मुख्यतः दोन. सपाट फळीचं, आणि व्हायोलिनसारखी कोरून फुगीर केलेल्या फळीचं. ही कोरीव फळीची कल्पना ऑर्व्हिल गिब्सनची, त्याचं पेटंट १८९८चं. पुढे १९२२मध्ये गिब्सन कंपनीतून लॉइड लोअरच्या देखरेखीखाली 'एफ-५' आलं आणि बिल मन्रोने ते ब्लूग्रास संगीतात अजरामर केलं. एफ प्रकाराच्या खांद्यावर एक गोल वेलांटी असते. दिसायला झकास, पण आवाजात फारशी भर घालत नाही आणि काम मात्र दुप्पट वाढवते. पहिल्यांदा करणाऱ्याने थेंबाच्या आकाराचं साधं 'ए' घ्यावं.

पेटी जोडायला महागडी अवजारं लागतात, हा गैरसमज. बाजूच्या पट्ट्यांना आतून खाचांची बारीक लाकडी पट्टी चिकटवतात, जेणेकरून वरची फळी बसायला जागा मिळते. ती धरून ठेवायला चक्क कपडे वाळत घालायचे चिमटे चालतात. पकड वाढवायला त्यांना रबरबँड गुंडाळायचा, की झालं.

गोंद मात्र बघून घ्यावा. फर्निचरचा साधा पांढरा गोंद सततच्या ताणाखाली आणि उन्हाळ्यात हळूहळू सरकतो. आठ तारांचा मिळून ताण साधारण ७० ते ८० किलो असतो. म्हणजे एक धडधाकट माणूस त्या सांध्याला कायमचा लोंबकळतोय असं समजा! म्हणून वाद्यं बनवणारे घट्ट सुकणारा पिवळा गोंद किंवा जुना सरस वापरतात. सरसाचा फायदा असा, की उष्णता आणि ओल दिली की सांधा पुन्हा उघडता येतो.

आणि सांधा उघडायची वेळ बहुतेकदा दांडीमुळेच येते. दांडी पेटीला किंचित मागे कललेली बसवावी लागते. बाराव्या पडद्यापाशी सांधा असलेल्या मॅंडोलिनमध्ये तिथून घोडी सुमारे साडेसतरा सेंटीमीटरवर असते. कोन फक्त एका अंशाने चुकला, तरी घोडीपाशी ३ मिलिमीटरचा फरक पडतो. घोडीच्या चकत्या फिरवून थोडं सावरता येतं, पण त्यापुढे तारा एकतर पडद्यांवर खडखडतात, नाहीतर इतक्या उंच राहतात की बोटं सोलून निघतात. म्हणून गोंद लावण्याआधी दांडी कोरडी बसवून, पडद्यांच्या पट्टीवर सरळ फूटपट्टी ठेवून, ती घोडीच्या जागी किती उंचीवर येते ते नकाशाशी ताडून पाहायचं. एकदा नव्हे, चार वेळा.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड ओल पिऊन रुंदीत फुगतं. जुलैमध्ये चिकटवलेली फळी पुढे कोरड्या हवेत किंवा एसीच्या खोलीत आकसते, आणि कडा घट्ट धरलेल्या असल्याने मधोमध तडकते. हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्के असताना जोडणं उत्तम. ती रोज मोजायला साधा आर्द्रतामापक पुरतो. दिवाळीनंतरचे कोरडे महिने त्यातल्या त्यात सोयीचे.

पॉलिशला घाई नको. लाखेचं पॉलिश पातळ थरांत चढवतात. जाड थर फळीचं कंपन दाबतो.

शेवटी घोडी. ती चिकटवत नाहीत, तारांच्या दाबाखालीच उभी राहते. वरच्या टोकापासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढंच तिथून पुढे मोजून ती ठेवतात आणि मग कानाने किंचित मागे सरकवतात. बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात आला, की जागा सापडली. तिथे पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवतात. पुढे तारा बदलतानाही सगळ्या एकदम काढत नाहीत, एकेक जोडी बदलतात. नाहीतर घोडी हातात येते आणि जागा पुन्हा शोधावी लागते.