अडाणी कोण? : आरोग्यशिक्षणाच्या धोरणाचा इतिहास

आपल्या देशातील आरोग्यविषयक योजनांमागे एक गृहीतकृत्य कायम उभे असते. जनता अडाणी आहे, तिला स्वच्छता कळत नाही, म्हणून रोगराई आहे. सबब तिला शिकवले पाहिजे. हे गृहीतकृत्य तपासायचे तर सुरुवात महाडपासून करावी लागते.

१९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात बोले ठराव संमत झाला. त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. ठराव झाला, पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह ते पाणी प्राशन केले. त्याच परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस सोडून देण्याचा निर्धार झाला. सवर्णांनी मग तळ्याची ‘शुद्धी’ केली. १०८ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवले आणि ते पुन्हा तळ्यात सोडले. पिण्याच्या पाण्यात शेण कालवणारे शुद्ध, आणि ओंजळीने पाणी पिणारे अशुद्ध! आरोग्याचे अज्ञान नेमके कोणाचे होते?

पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत बाबासाहेबांनी तयार केलेला ठराव मांडला. संततिनियमनाचा प्रचार आणि साधने लोकांपर्यंत नेण्याची जबाबदारी सरकारने घ्यावी, ही त्यातील मागणी. सभागृहाने ती फेटाळली. आरोग्याचे ज्ञान हा शासनाच्या धोरणाचा विषय आहे, हे दलित चळवळ स्वातंत्र्याच्या आधीच सांगत होती, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

१९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने आरोग्यशिक्षणाला महत्त्व दिले. गावोगाव आरोग्य समित्या असाव्यात असे सुचविले. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली. १९५६ साली दिल्लीत केंद्रीय आरोग्यशिक्षण कार्यालय स्थापन झाले. भित्तिपत्रके निघाली : हात धुवा, पाणी उकळून प्या. पण ज्या बाईच्या घागरीत दुसऱ्या कोणी वरून ओतले तरच पाणी पडते, तिने या उपदेशाचे काय करायचे? स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे होत असताना, १९७२ साली, बाबा आढावांना ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम हाती घ्यावी लागली, यातच सारे आले.

२ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र सरकारने दर हजार लोकवस्तीमागे एक आरोग्यसेवक नेमण्याची योजना सुरू केली. तीन महिन्यांचे प्रशिक्षण, महिना ५० रुपये मानधन. कल्पना चांगली होती. परंतु निवड गावाच्या हाती म्हणजे गावातील सत्तेच्या हाती. सेवक बहुतांशी पुरुष निघाले. बाळंतिणीच्या खाटेपाशी आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीत ते ज्ञान कसे पोचणार?

दुसरा मार्ग याच महाराष्ट्रात सापडला होता. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून काम उभारले. शिकलेल्या परिचारिका खेड्यात टिकेनात, तेव्हा गावातल्याच बाया निवडल्या. त्यांतल्या अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. त्यांनी बाळंतपणे केली, मुलांची वजने घेतली, कुष्ठरोग्यांना हात लावला. कूपनलिका दलित वस्तीत घेतल्या, त्यामुळे पाण्यासाठी सवर्णांना तिथे यावे लागले. इथे आरोग्यशिक्षण आणि जातिनिर्मूलन एकाच हातपंपावर भेटले.

१९७८ साली आल्मा-आटाची घोषणा झाली, १९८३ साली पहिले राष्ट्रीय आरोग्य धोरण आले. २००५ साली ‘आशा’ योजना आली. गावातली बाई हे सूत्र धोरणाने स्वीकारले, पण पगाराऐवजी कामागणिक मोबदला दिला. शिकवणारीला नोकर म्हणूनही मान्यता नाही, मग तिच्या शब्दाला वजन कुठून येणार?

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी प्रत्येक आरोग्य योजनेला तीन प्रश्न विचारावेत. पाणी कोणाच्या ताब्यात आहे? शिकवणारी व्यक्ती कोणी निवडली? तिच्या श्रमाचे मोल काय? या प्रश्नांची उत्तरे धोरणात येत नाहीत तोवर आरोग्यसाक्षरता हा वरून दिलेला उपदेशच राहील. महाडला आपण उपदेश मागायला गेलो नव्हतो. हक्काचे पाणी घ्यायला गेलो होतो.