सामासिक ग्रामनामे : अक्षरविभाजन व उच्चार (सोलापूर जिल्हा)

दोन शब्द जुळून झालेले नाम उच्चारताना मराठी आधी घटकांची सीमा राखते, मग अक्षरे पाडते. सोलापूर जिल्ह्यातील ग्रामनामांत हे स्पष्ट ऐकू येते : पं-ढर्-पूर्, अक्-कल्-कोट्, मं-गळ्-वे-ढा. लिहिताना ‘पंढर’मधला र पूर्ण असतो, बोलताना त्यातला अ गळतो. जोडाक्षराचा शेवट सोडला, तर मराठी शब्दान्ती अ उच्चारत नाही, आणि समासात शिरल्यावरही पहिला घटक ही सवय सोडत नाही.

प्रत्ययापुढे मात्र वेगळे घडते. ‘कागद’मधील ग-चा अ ‘कागदाला’ म्हणताना लोपतो (काग्-दा-ला), पण ‘कागदपत्र’ या समासात टिकतो (का-गद्-पत्-र). समास आणि प्रत्यय यांतला फरक हे उदाहरण कानाला नेमका दाखवते.

खुद्द ‘सोलापूर’ची फोड वादाची आहे. ‘सोळा गावांचे पूर’ ही व्युत्पत्ती लोकप्रिय आहे. पण कल्याणीच्या कलचुरींच्या काळातील लेखांत गावाचे नाव ‘सोन्नलगे’ असे येते, त्यामुळे ती स्वीकारणे कठीण आहे. शिवाय मराठी संख्यावाचकात ळ आहे, गावाच्या नावात ल. आज मराठी भाषक सो-ला-पूर् अशी तीन अक्षरे उच्चारतात. कन्नडमध्ये अन्त्य अ शाबूत राहतो, म्हणून सोल्-ला-पु-र अशी चार होतात. या बहुभाषिक शहरात दोन्ही उच्चार कानी पडतात. सप्तमीत मराठी पू ऱ्हस्व होतो : सोलापुरात.